निरंक लिहायचं नाही

भाऊ, त्या शनिवारी फोन मीच कापला. विमलबाईंना मी सांगितलं की रेंज गेली होती. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "हो, तेबी मले तेच बोलले." म्हणजे तुम्हीही माझ्यासाठी खोटं बोललात. एकेका शब्दासाठी जन्मभर लोकांशी भांडलेला माणूस शेवटच्या शनिवारी बायकोला सांगतो की रेंज गेली. मला याचा राग येतोय. तुम्ही गेल्याचं रडू येतं, थांबतं, परत येतं. हा राग मात्र आठवडाभर जागचा हललेला नाही.

पेपरात तुमच्यावर चौकट आली आहे. 'ज्येष्ठ पर्यावरणरक्षक, संस्थेचे आधारवड' वगैरे. फोटो कुठला तरी सत्काराचा, फेट्यातला. तुम्ही पाहिला असता तर म्हणाला असता, "हा कोन नवरदेव?" त्या चौकटीत तुमची नोकरी आहे, निवृत्ती आहे, विश्वस्तपद आहे. सोमवारी सकाळी गडचिरोलीच्या बसस्थानकावर तुम्ही कुठल्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला होता, ते नाही. मुलचेऱ्याच्या गाडीची. पिशवीत दोन रिकाम्या कॅन, बर्फाचा डबा, चिकटपट्टी आणि मार्कर. कॅनवर तुमच्या अक्षरात मुलचेऱ्यापुढच्या मैनाबाईंच्या गावाचं नाव लिहिलेलं. तारखेची जागा कोरी, कारण तारीख पाणी भरल्यावर लिहायची, घरून लिहून न्यायची नाही, हा तुमचा नियम. गाडी लागली, लोक चढले, तुम्ही उठला नाहीत. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा तुम्ही गेलेले होतात.

डॉक्टरांनी तुम्हाला हिवाळ्यापासून प्रवास बंद केला होता, भाऊ. त्या बाकावर तुम्हाला कोणी पाठवलं, ते मला माहीत आहे. मीच पाठवलं.

आपली ओळख झाली तेव्हा मी बी.एस्सी. होऊन तुमच्या सरकारी कचेरीत कंत्राटावर लागले होते. चंद्रपुरात अब्बांचं मोटर-वाइंडिंगचं दुकान. घरातली पहिली नोकरी, तीही पाण्याच्या बाटल्या धुण्याची. पहिल्याच दिवशी तुम्ही मला नदीवर नेलंत आणि मी बाटली सरळ बुडवून भरली. तुम्ही ती हातातून घेतली आणि ओतून दिली. "तीनदा खंगाळाची. ज्या पान्याचा नमुना, त्याच पान्यानं. कचेरीचं पानी घेऊन नदीचा अहवाल देते काय?" मी म्हटलं, स्वच्छच तर आहे बाटली. तुम्ही म्हणालात, "स्वच्छ हाय म्हनून कोन सांगतलं? तू पाह्यलं का?" हा तुमचा प्रश्न मी पुढे वीस वर्षं ऐकला. तू पाह्यलं का? पंखा बंद आहे, चहा गोड झाला, बस गेली, काहीही सांगा, तुमचं ठरलेलं, तू पाह्यलं का? वैताग आणायचात तुम्ही.

आणि स्वतः काय? जिल्हाभर नाल्यांतलं प्लास्टिक मोजत फिरायचं आणि खिशात खर्रा, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. खाऊन झाला की पन्नीची घडी घालून शर्टाच्या खिशात. रस्त्यावर एक पन्नी टाकली नाहीत, हे खरं. पण विमलबाई शर्ट धुवायला घ्यायच्या तेव्हा दर खिशातून पाचसहा निघायच्या, आणि त्या मला फोन करून म्हणायच्या, "तुया सायेबाचं पर्यावरण माया बालटीत येऊन पडलं हाय, ये घेऊन जाय." परवा त्यांनी सोमवारचा शर्ट मला दाखवला. एक पन्नी होती. डॉक्टरांनी तेही बंद केलं होतं. विमलबाई ती पन्नी हातात धरून बसल्या होत्या, टाकत नव्हत्या.

निवृत्तीनंतर तुम्ही आमच्या संस्थेवर विश्वस्त म्हणून आलात. विहिरी, नाले, हातपंप यांचं पाणी तपासून गावाला अहवाल द्यायचा, एवढंच आमचं काम. चंद्रपूरहून मला तुम्हीच इथे गडचिरोलीला ओढून आणलंत, सचिव केलंत. पहिल्या सभेत लोक शाल-श्रीफळ घेऊन बसले होते आणि तुम्ही उभं राहून एकच मागणं मागितलंत. या संस्थेच्या कुठल्याही कागदावर 'निरंक' हा शब्द लिहायचा नाही. पाहिलं आणि सापडलं नाही, तर तसं लिहा. पाहिलंच नाही, तर 'पाहिलं नाही' असं लिहा. निरंक लिहिलं की दोन्ही एक होऊन जातं. सगळे हसले. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, आणि त्याला सरकारचा सगळ्यात लाडका शब्दच नको! अध्यक्षांनी "सूचनेची नोंद घेतली" म्हणून विषय संपवला. मीही हसले होते, भाऊ.

का, ते मला मुलचेऱ्याला कळलं. आठवतं? गाडी चुकली होती आणि आपण दुपारभर त्या बंगाली काकांच्या हॉटेलात बसलो होतो. बाहेर कडक ऊन, आत माशी. तुम्ही तिसरा चहा घेतलात आणि एकदम बोलायला लागलात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात तुम्ही मैनाबाईंच्या गावात पंचनाम्याला गेला होतात. गावाच्या वर उसना तांदूळ काढणारी गिरणी होती, म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून मग कांडायचं. ते भिजवलेलं पाणी नाल्यात सोडत. नाला आंबला होता, पोरांच्या अंगाला खाज सुटली होती. वरून निरोप होता की फार काही काढू नका. तुम्ही नाल्यावर न जाताच छापील कागद भरलात. 'पाण्याबाबत तक्रारी: निरंक'. मग अंगठे घ्यायला गावात बसलात. तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या मैनाबाईंनी विचारलं, "सायेब, निरंक म्हंजे का? पानी निर्मळ करून देनार, असं हाय का?" तुम्ही म्हणालात, "हो, तसंच." आणि त्यांनी आनंदाने अंगठा दिला. त्यांच्या मागून बाकीच्यांनी दिला.

"निर्मळ," तुम्ही त्या हॉटेलात म्हणालात. "तिनं निर्मळ आयकलं, नसीम. आन् म्या आयकू देल्लं."

तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की हा माणूस मला हे सांगतोय म्हणजे माझ्यावर केवढा भरवसा आहे त्याचा. तो भरवसा मी जपून ठेवायला हवा होता. मी तो धार लावून ठेवला.

दर उन्हाळ्यात तुम्ही त्या गावाला जायचात. एकटे, एसटीने. संस्थेची जीप नको, भत्ता नको. मी चिडवायचे, "भाऊची सासरवाडी हाय का तिकडं?" तुम्ही हसायचात. या वर्षी जाता येईना, तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत. "एवढं एक गाव माया बदली तू पाहून ये. गड्याले नको धाडू. तू जाय." मी हो म्हटलं. मग बाहेरगावचे पाहुणे आले, त्यांना फिरवणं आलं. मग ऊन फार होतं. मग पाऊस लागला आणि रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं, वाट बंद. दोनदा तुम्ही फोन करून विचारलंत, पाह्यलं का? दोन्ही वेळा मी म्हटलं, होऊन जाते भाऊ, तुम्ही आराम करा.

वार्षिक तक्ता भरताना बाकी गावांच्या ओळी भरल्या आणि या गावाची राहिली. संगणक रिकामा रकाना घेत नव्हता. पुढे सरकायलाच तयार नाही. संध्याकाळ झाली होती, डोकं दुखत होतं. मी 'निरंक' टाइप केलं. संगणकाने लगेच घेतलं.

तो तक्ता पंचायत समितीत गेला. गिरणीवाल्यांना गिरणी वाढवायची होती, ग्रामसभेची ना-हरकत हवी होती. त्यांनी अर्जाला आमचाच तक्ता जोडला. ग्रामपंचायतीच्या शिपायाने फलकावरच्या कागदाचा फोटो मोबाइलवर काढून तुम्हाला पाठवला, आणि त्या शनिवारी दुपारी तुमचा फोन आला.

"नसीमबाई, हे निरंक कोनं लिवलं?"

नसीमबाई म्हणालात तेव्हाच मला कळलं. तुम्ही रागावल्याशिवाय मला बाई म्हणत नव्हता.

"म्याच लिवलं भाऊ. रकाना खाली चालत नाई संगणकाले."

"पानी पाह्यलं का?"

"नाई."

"मंग बुधवारी ग्रामसभा हाय. तिथी उभी राहून सांग, का आमी पाह्यलं नाई. निरंक चूक हाय. तुयं नाव घेऊन सांग."

मी म्हटलं, भाऊ, संस्थेची लाज जाईल. एका गावात खोटं निघालं तर बाकीच्या गावांच्या अहवालांवर कोण विश्वास ठेवेल? पत्र पाठवून दुरुस्ती करू, हळूच. तुम्ही म्हणालात, हळूच नाही. मी म्हटलं, एका शब्दासाठी तुम्ही मला चव्हाट्यावर उभं करून राह्यले. तुम्ही म्हणालात, "हो, करून राह्यलो." तेव्हा माझं डोकं फिरलं. मुलचेऱ्याच्या त्या दुपारी जे तुम्ही माझ्या हातात दिलं होतं, तेच मी तुमच्यावर फेकलं.

"तुमी लिवलं तवा तुमी उभे राह्यले होते काय? मैनाबाईले जाऊन सांगतलं काय कवा? आधी तुमी जा, मंग मले सांगा."

तुमचा श्वास ऐकू येत होता. मागे विमलबाईंच्या मिक्सरचा आवाज. मग तुम्ही म्हणालात, "बरं. जातो." आणि लगेच, "नसीम, आयक..." मी फोन कापला.

काय ऐकायचं होतं, भाऊ?

मंगळवारी, तुमची राख अजून गार झाली नव्हती, तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. निवृत्त प्राचार्य आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. ग्रामसभेचं मी त्यांना सोमवारीच सांगितलं होतं. म्हणाले, केवळरामजींची शेवटची इच्छा मला कळते, पण आता ते नाहीत, आणि गावातल्या लोकांना असंही निरंक म्हणजे काय ते समजत नाही. तुम्ही बुधवारी जाऊ नका. गेलात तर संस्थेतर्फे नाही. संध्याकाळी विमलबाईंकडे जाऊन तुमची पिशवी मागितली. त्यांनी विचारलं नाही कशाला. डब्यात नवा बर्फ भरून दिला.

बुधवारी निघाले तेव्हा रपटा मोकळा झाला होता. दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलेलं. मी चपला काढून नाल्यात उतरले, तुम्ही उतरायचात तशी. तीनदा खंगाळलं, भरलं, झाकण लावलं, आणि मग तारीख लिहिली. तुमच्या अक्षरापुढे माझे आकडे. वास आंबट, पाण्यावर पातळ साय. मासा एकही दिसला नाही. अहवाल अजून यायचा आहे, तेव्हा त्यापुढे मी काही म्हणत नाही. एवढं पाहिलं.

ग्रामसभा समाजमंदिरात होती. गिरणीचा मॅनेजर पहिल्या ओळीत खुर्चीवर, बाकी लोक खाली. ग्रामपंचायतीच्या सचिवांनी अर्ज वाचला आणि आमचा तक्ता वाचला. "पाण्याबाबत तक्रारी, निरंक." मी उठले. मी माझं नाव सांगितलं, आणि सांगितलं की हा शब्द मी लिहिला. मी या गावात आलेच नव्हते. पाणी पाहिलंच नव्हतं. माझी चूक आहे आणि हा कागद कोणी धरू नये. मॅनेजर वळून बघायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग लिवलं काऊन?" मी म्हटलं, रकाना रिकामा होता म्हणून. यावर कोणी हसलं नाही.

एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तू केवळराम सायेबाची होय का? या साली सायेब कुठी राह्यला?"

त्याच मैनाबाई. मी म्हटलं, "भाऊ गेले, बाई. सोमवारी. इकडंच येऊन राह्यले होते."

मैनाबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "मंग त्याईचा दंड आता?"

"कोनता दंड?"

"तुले नाई सांगतलं काय? पेंशनीत निंगाले ना सायेब, त्याच साली इथी येऊन उभे राह्यले. तू राह्यली ना आता, तिथंच. म्हने, निरंक म्हंजे निर्मळ नाई. निरंक म्हंजे काईच नाई. म्या तुमाले फसवलं. मंग गावानं दंड लावला."

दंड पैशाचा असेल असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, पैसे घेऊन का करतो आमी. दर उन्हाळ्यात यायचं, स्वतः नाल्यात उतरायचं, पाणी पाहायचं, आणि काय पाहिलं ते गावाला उभं राहून सांगायचं. जिता हाय तवरी.

भाऊ! विश्वस्तपद, नियम, एकट्याने एसटीने जाणं, भत्ता नाकारणं, सगळं त्या दंडापासून सुरू झालं होतं आणि मी तुम्हाला सासरवाडीवरून चिडवत होते. आणि शनिवारी तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता. 'जाऊन आलो, नसीम, कवाचाच.' एवढंच. 'आयक' म्हणालात ते हेच होतं का? की हे तुम्ही सांगणारच नव्हता, आणि दुसरंच काही होतं? आता मला हे कधी कळणार नाही, आणि विमलबाईंनाही विचारता येत नाही, कारण त्यांच्यासाठी त्या दिवशी रेंज गेली होती.

मैनाबाई गावच्या जुन्या माणसांशी गोंडीत बोलल्या. मला गोंडी येत नाही. 'एर' एवढा एकच शब्द ओळखू आला, पाणी, तोही तुम्हीच शिकवलेला. मग एक म्हातारे उठले आणि मला म्हणाले, "बाई, तुमालेबी तोच दंड. मंजूर हाय?" मी मंजूर म्हटलं. मग मला रडू आवरेना, आणि मैनाबाईंनी लोटाभर पाणी दिलं. टोल्यावरच्या, म्हणजे पलीकडच्या वाडीच्या, हातपंपाचं, अर्धा कोस चालून आणलेलं. ना-हरकतीचा ठराव अहवाल येईपर्यंत पुढे ढकलला आहे. पुढे काय होईल माहीत नाही. मॅनेजरने जाताना माझा फोन नंबर मागून घेतला, अगदी हसून.

काल तुमची शोकसभा झाली आणि तिला जोडूनच विश्वस्तांची बैठक. दोन मिनिटं उभे राहिलो. शोकठराव वाचला, त्यात 'पोकळी' हा शब्द होता. मग अध्यक्षांनी माझा विषय काढला. विश्वस्तांना न विचारता संस्थेचा कागद खोटा ठरवला, म्हणून सात दिवसांत लेखी खुलासा. सचिवपद राहील असं वाटत नाही. खुलासा मी लिहीन, त्यात लिहिण्यासारखं फारसं काही नाही. जायचा दंड तेवढा राहील. तो पदाशी बांधलेला नाही.

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम अजून माझ्याकडेच आहे. संगणकावर शेवटचा रकाना असतो, 'प्रलंबित विषय'. बहुतेक वेळा काही नसतं. अध्यक्ष पिशवी आवरत म्हणाले, "त्यात निरंक टाका आणि प्रिंट काढा, सह्या करून निघू." मी टाइप केलं: 'केवळरामभाऊंची माफी मागणे.' कागद बाहेर आला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला.

"हे काय आहे? हे काढा."

"प्रलंबित हाय, सर," मी म्हटलं. "निरंक कसं लिवू?"